माणूस गेला की परवाना गेला



मागच्या महिन्यात आम्हाला चारोटीला जावे लागले. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोर सोडून पुढे गेले की चारोटी नाका लागतो. एक रस्ता डहाणूला उतरतो, दुसरा कासा-जव्हारकडे चढतो आणि सरळ गेले की महालक्ष्मीचा डोंगर, मग तलासरी, मग गुजरातची हद्द. या नाक्यापासून थोड्या अंतरावर आमच्या एका जुन्या स्नेह्याचे घर आहे. घर कसले, दोन खोल्या आणि पुढे पडवी. आमचे स्नेही महार रेजिमेंटमध्ये शिपाई होते. निवृत्तीनंतर एका बँकेच्या दारात त्यांनी कित्येक वर्षे पहारा केला. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, दोन महिन्यांपूर्वी, ते गेले. जलदानविधीला आमचे जाणे झाले नव्हते, म्हणून वहिनींना भेटायला गेलो.

चहा झाला, आठवणी निघाल्या. वहिनींनी लोखंडी ट्रंक उघडून त्यांची पदके दाखवली. मग त्यांनी नातवंडांना बाहेर खेळायला पाठवले, दार लोटून घेतले आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, माळ्यावर त्यांची बंदूक आहे. तिचं काय करायचं ते सांगा. मला रात्री झोप येत नाही."

गोणपाटात गुंडाळलेली एकनळी बाराबोअर बंदूक माळ्यावर होती. काडतुसे पत्र्याच्या डब्यात, डबा पिठाच्या पिंपामागे. स्नेह्यांच्या हयातीत बंदूक कुलपात असे आणि किल्ली त्यांच्या करगोट्याला असे. ते गेल्यावर कपाट दुसऱ्या सामानाला लागले आणि बंदूक माळ्यावर गेली.

मुलगा म्हणाला, "काका, आई उगाच घाबरते. परवान्यावर पुढच्या सालापर्यंतची मुदत आहे. तोवर काळजी नाही. मग बघू."

त्याचे हे 'मग बघू' ऐकून आमच्याच पोटात गोळा आला. कारण या दोन महिन्यांत दोन माणसे त्या बंदुकीसाठी घरी येऊन गेली होती. एकाच्या शेतात रानडुकरांनी धुडगूस घातला होता. त्याला दोन रात्रींपुरती बंदूक हवी होती. दोन हजार रुपये आणि मटणाचा वाटा द्यायला तो तयार होता. दुसरा वापीच्या बाजूला पहारेकरी पुरवणाऱ्यांचा माणूस. तो म्हणाला, "बाप होता तसा तू ये. बंदूक घेऊन आलास तर पगार जास्त." मुलगा कंपनीत कंत्राटावर आहे. काम आहे तोवर आहे, उद्या नाही. त्याच्या मनात ती गोष्ट घोळत होती. आणि या तिन्ही गोष्टी, म्हणजे बंदूक माळ्यावर ठेवणे, शेजाऱ्याला देणे आणि वापीला घेऊन जाणे, त्याला तुरुंगाच्या दारात नेणाऱ्या होत्या. आपल्या समाजात निवृत्त शिपाई, बँकेचे पहारेकरी, गोदामांचे रखवालदार अनेक आहेत. ही गोष्ट एका घरची नाही, म्हणून आज तिच्याविषयी लिहीत आहोत.

बंदुकीचा परवाना हा रेशनकार्डासारखा कुटुंबाचा कागद नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे तो एका माणसाच्या नावाने मिळतो आणि त्यावर त्या बंदुकीचा नंबर लिहिलेला असतो. ते नाव आणि तो नंबर यांची जोडी असेल तोवरच बंदूक कायदेशीर. मुदतीची तारीख त्या माणसापुरती असते. माणूस गेला की परवाना गेला, मग मुदत पुढच्या सालाची असो की त्याच्या पुढच्या. जिवंतपणी मुदत संपली, परवाना रद्द झाला किंवा तहकूब झाला, तरी तेच.

अशी बंदूक घरात असेल तर विनाकारण उशीर न करता ती जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी, असे कायदा सांगतो. हे कायद्याच्या एकविसाव्या कलमात आहे. जमा केली म्हणजे सरकारने गिळली, असे मात्र नाही. वारसाने स्वतःचा परवाना मिळवला तर ती परत घेता येते. नको असेल तर ज्याला ती बाळगण्याचा अधिकार आहे अशा माणसाला किंवा विक्रेत्याला विकून पैसे घेता येतात. ठरलेल्या मुदतीत यांपैकी काहीच केले नाही तर जिल्हा दंडाधिकारी ती सरकारजमा करू शकतात, आणि त्याआधी त्यांनी वारसाला नोटीस द्यायची असते. म्हणून जमा केल्याची पावती ही सोन्याच्या दागिन्यासारखी जपायची.

उलट, बिनपरवाना बंदूक घरात सापडली तर काय? २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आहे, वर दंड. पूर्वी हे एक ते तीन वर्षे होते. 'बापाची आठवण म्हणून ठेवली' हे उत्तर कोर्टात कितपत टिकेल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता शेजाऱ्याला दोन रात्री देण्याची गोष्ट. दुसऱ्याची बंदूक हातात घेण्याची सवलत कायद्यात फारच थोडी आहे. दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी ती नेता येते, आणि तीही परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर. ज्याचा परवानाधारकच हयात नाही तिथे अधिकारपत्र कोण देणार? शिवाय परवाना असला तरी रानडुक्कर मारण्याची मुभा त्यातून मिळत नाही. तो विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आहे. पिकाची नासाडी करणारे जनावर मारायचे तर वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी हवी. नुकसानीची भरपाईही वनखात्याकडूनच मिळते. त्यासाठी वेळेत अर्ज आणि पंचनामा पाहिजे. तो मार्ग रटाळ आहे हे आम्हाला मान्य आहे. पण दुसरा मार्ग कुठे जातो ते याच जिल्ह्याने पाहिले आहे.

२०२५ च्या जानेवारीअखेर मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले होते. हालचाल दिसली, डुक्कर समजून घोडा दाबला गेला आणि गोळी लागली ती आपल्याच सोबत्याला. तो मेला. घाबरलेल्या माणसांनी पोलिसांना कळवले नाही, प्रेत जंगलात लपवले. काही दिवसांनी पोलिसांनी ते शोधून काढले आणि गावातली माणसे धरली गेली. मेला तो गरीब, धरले गेले तेही गरीब. त्यातल्या कुणाचे त्याच्याशी वैर नव्हते. आम्ही हे सांगितले तेव्हा मुलगा गप्प झाला. वहिनी म्हणाल्या, "मी त्या माणसाला तेव्हाच नाही म्हटलं होतं."

राहिली वापीची नोकरी. परवान्यावर तो कुठल्या क्षेत्रात चालतो ते लिहिलेले असते. आमच्या स्नेह्यांचा परवाना महाराष्ट्रापुरता होता. तलासरीच्या पुढे अच्छाड ओलांडले की गुजरात. चारोटी, डहाणू, तलासरीची माणसे रोज कामाला हद्द ओलांडतात. त्यांना ती जाणवतही नाही. बंदुकीला मात्र ती हद्द आहे. तेव्हा मुलाने उद्या स्वतःचा परवाना काढला तरी त्यावरचे क्षेत्र पाहूनच कुठे काम धरायचे ते ठरवावे लागेल. 'बंदूक घेऊन ये, बाकी आम्ही बघतो' म्हणणारा मालक नाक्यावर पोलिसांनी हटकले की सोबत उभा राहत नाही.

मुलगा म्हणाला, "म्हणजे बंदूक गेलीच म्हणायची. आपल्याला कोण परवाना देणार? ना जमीन, ना बंगला."

वाचकहो, हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. बंदूक म्हणजे पाटलाची, सावकाराची, बागाईतदाराची. कायदा मात्र तसे म्हणत नाही. शस्त्र कायद्याच्या चौदाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे की अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. नाकारायचा असेल तर कारण लेखी नोंदवावे लागते आणि अर्जदाराने मागितल्यास, सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर, ते थोडक्यात त्याला द्यावे लागते. त्यावर अपील करता येते. जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयावर विभागीय आयुक्तांकडे जायचे आणि मुदतीत जायचे. 'साहेबांनी तोंडी नाही सांगितले' म्हणून परत फिरायचे नाही. नकारही कागदावर मागून घ्यायचा.

परवान्याची रीत अशी. मुंबईसारख्या शहरात पोलिस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, म्हणजेच जिल्हा दंडाधिकारी, परवाना देतात. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. त्याआधी चारोटीच्या माणसाला यासाठी ठाण्याला जावे लागे. स्नेह्यांच्या पुस्तिकेवर जुना शिक्का ठाण्याचाच होता. आता काम पालघरला होते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ठरलेल्या नमुन्यात अर्ज करायचा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा, डॉक्टरांचा दाखला द्यायचा. बंदूक सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षणही घ्यावे लागते. मग अर्ज पोलिस ठाण्याकडे चौकशीला जातो. ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतात, गुन्ह्यांची नोंद पाहतात. वय एकवीस पूर्ण हवे. हाणामारीच्या किंवा नीतिभ्रष्टतेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला शिक्षा संपल्यावरही पाच वर्षे परवाना नाही. शांततेसाठी ज्याच्याकडून जामीनपत्र घेतले आहे, त्यालाही त्या मुदतीत नाही. आणि सर्वांत मोठा प्रश्न असतो तो म्हणजे बंदूक कशासाठी हवी? जिवाला धोका, धंद्याची जोखीम, पिकाचे संरक्षण, नेमबाजीचा खेळ, असे खरे कारण दाखवावे लागते. शान म्हणून हवी, हे कारण होत नाही. पिकाच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख कायद्यातच आहे, हे शेती करणाऱ्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत; २०१९ पासून दोनच. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. देशभरच्या परवान्यांची नोंद आता संगणकावर एका ठिकाणी असते आणि प्रत्येक परवान्याला ओळख क्रमांक असतो. तो क्रमांक नसलेला जुना परवाना ग्राह्य धरला जात नाही. ज्यांच्या वडिलांची, आजोबांची जुनी पुस्तिका कपाटात पडून आहे त्यांनी ती आजच काढून पाहावी.

वारसांसाठी नियम वेगळा आणि थोडा सोपा आहे. परवानाधारक वारला तर पत्नी, मुलगा, मुलगी, सून, जावई, भाऊ, बहीण असे वारस त्याच बंदुकीसाठी अर्ज करू शकतात. पात्रता पुरी असावी आणि पोलिसांचा प्रतिकूल शेरा नसावा. एवढेच नाही, परवानाधारकाचे वय सत्तर झाले किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षे झाली, तर त्याच्या हयातीतच ती वारसाच्या नावावर करण्याची सोय आहे. आमच्या स्नेह्यांना सत्तरीनंतर चार वर्षे मिळाली होती. त्यांना हा नियम कुणी सांगितला असता तर वहिनींवर ही पाळी आली नसती. आम्हालाही तेव्हा सुचले नाही, याची खंत आहे.

आता बंदूक आणि आपला समाज यांच्या नात्याविषयी थोडे सांगणे भाग आहे. इंग्रजांनी १८७८ चा शस्त्र कायदा केला तेव्हा गोऱ्याला एक न्याय आणि हिंदी माणसाला दुसरा न्याय होता. त्याच शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती इंग्रजांनी बंद केली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बंदूक खांद्यावर वाहिली त्यांना ती शिवायची बंदी झाली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तो कलंक धुतला गेला. वहिनींच्या ट्रंकेतली पदके त्याच परंपरेतली.

पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी सूचना मांडली की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. परमपूज्य बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. इंग्रजांच्या काळात ही मागणी का होत होती ते त्यांना ठाऊक होते. पण देश स्वतंत्र झाल्यावर हा हक्क सरसकट दिला तर तो गुंडपुंडांच्याही हाती पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. आता भर हक्कावर नको, कर्तव्यावर हवा. देशावर संकट आले तर राज्याने नागरिकाला शस्त्र घेण्यास बोलवावे आणि त्याने यावे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे आणि त्या देशात आज माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. शाळेत गोळीबार झाल्याच्या बातम्या तिथून किती वेळा येतात ते आपण वाचतोच. आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, परवान्याने मिळणारी मुभा आहे. बाबासाहेबांनी हा फरक किती दूरदृष्टीने केला ते दुर्बल समाजाने तरी विसरू नये. कारण बंदुकीचा हक्क सर्वांना मिळाला की ती आधी पोचते पैसेवाल्याच्या घरी.

चारोटीच्या आसपासच्या मातीला हे शिकवावे लागत नाही. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या मागे उभे राहून डहाणू, उंबरगावच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा पुकारला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती, असे पाच जण त्यात हुतात्मे झाले. तरी वेठ गेली ती त्यांच्या एकजुटीने गेली. त्यांच्या हाती बंदुका नव्हत्या.

आणि अत्याचार होतो तेव्हा काय, असे तरुण वाचक विचारतील. त्याचे उत्तरही कायद्यात आहे आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे १९९५ चे नियम पाहावे. त्यातल्या तिसऱ्या नियमाप्रमाणे, जिथे अत्याचाराचा धोका आहे तिथे शासनाला तीन गोष्टी करता येतात. गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातलगांचे आणि नोकरचाकरांचे बंदुकीचे परवाने रद्द करून बंदुका सरकारी शस्त्रागारात जमा करून घेता येतात. बेकायदा शस्त्रे जप्त करायची आणि ती बनवणे बंद पाडायचे. आणि गरज वाटल्यास, जिवाच्या आणि मालाच्या रक्षणासाठी अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना परवाने द्यायचे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या आहेत, म्हणून हा नियम आपलाही आहे.

आमचे मत विचाराल तर या तीन गोष्टींत पहिली सर्वांत मोलाची आहे. गावात तणाव असेल, धमक्या येत असतील, तर 'आम्हाला बंदूक द्या' म्हणण्याआधी 'त्यांच्या बंदुका जमा करा' असा लेखी अर्ज जिल्हाधिकारी आणि पोलिस अधीक्षक यांना द्यावा आणि त्यात या नियमाचा उल्लेख करावा. आपल्या घरी एक बंदूक आली म्हणजे समोरच्या दहा बंदुका गप्प बसत नाहीत. बीड जिल्ह्यात ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाल्यावर त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे बाहेर आले. ज्यांच्यावर गुन्हे दाखल आहेत अशांच्या हातीही ते होते. मग ओरड झाली, छाननी झाली, परवाने रद्द होऊ लागले. तपासणीची मागणी त्याआधी झाली पाहिजे आणि ती आपणच केली पाहिजे.

असो. आता चारोटीच्या घरी परत येऊ. वहिनींना खरी भीती पोलिस ठाण्याची होती. "बंदूक घेऊन आम्ही दारात गेलो आणि आम्हालाच आत टाकलं तर?" ही भीती खोटी म्हणता येत नाही. गरिबाला ठाण्याची पायरी नेहमीच उंच वाटते. म्हणून आम्ही बंदूक न नेता आधी कागद नेला. अर्जाच्या दोन प्रती केल्या. त्यात परवाना क्रमांक, बंदुकीचा नंबर, काडतुसांची संख्या आणि मृत्यूची तारीख लिहिली. मृत्यूचा दाखला आणि परवान्याची झेरॉक्स जोडली. सोबत गावातले एक शिक्षक आणि स्नेह्यांच्या पलटणीतले एक निवृत्त हवालदार आले. अर्जावर पोच घेतली आणि बंदूक कशी आणायची ते ठाण्यातूनच विचारले. नळी रिकामी आहे की नाही ते निवृत्त हवालदारांनी पाहिले. आम्ही कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी बंदूक जमा झाली, काडतुसे मोजून झाली, पावती मिळाली. कुणी कुणाला आत टाकले नाही.

पावती हातात आल्यावर वहिनींना एकदम आठवले, "असलीच पावती ते निवडणुकीत आणायचे." खरेच होते. निवडणूक आली की बंदूक जमा करण्याचा आदेश येई, निकाल लागला की ते ती परत आणत. सरसकट सर्वांच्या बंदुका जमा करू नयेत, समितीने छाननी करून ठरवावे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली आहे; पण ज्याला आदेश येतो त्याने तो पाळायचाच. तर सांगायचे ते हे की ज्या ठाण्याची वहिनींना भीती होती तिथे त्यांचे पती वर्षानुवर्षे मान ताठ ठेवून जात-येत होते. त्यांची कागदपत्रे चोख होती, म्हणून त्यांना भीती नव्हती.

ज्या घरी बंदूक आहे त्यांच्यासाठी थोडक्यात पुन्हा सांगतो.

१. बंदूक कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ली एकाच्याच ताब्यात. माळा, गादी, पिंप ही बंदुकीची जागा नव्हे. मुलांना 'हात लावू नको' सांगणे पुरत नाही.

२. परवान्याची मुदत घरातल्या दोघांना तरी माहीत असावी. संपण्याआधीच नूतनीकरणाचा अर्ज द्यावा आणि पोच जपावी.

३. बंदूक हरवली, चोरीला गेली, तर ताबडतोब पोलिसांत कळवावे. चोराने तिच्याने काही केले तर पहिले बोट तुमच्याकडे येते.

४. लग्नात, हळदीत, मिरवणुकीत हौसेने बार काढणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जयंतीच्या मिरवणुकीला ढोल-लेझीम पुरेसे आहे.

५. कोयता, काठी यांची धास्ती घेऊ नये. केवळ घरकामाच्या आणि शेतीच्या वापराची साधने कायद्याच्या व्याख्येत शस्त्रे नाहीत. पण तोच कोयता कुणावर उगारला तर गुन्हा दुसऱ्या कायद्याने होतो.

६. गावठी कट्टा स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्याला किमान दोन वर्षे आहेत. तो बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला किमान सात, आणि जन्मठेपेपर्यंत.

७. पहारेकऱ्याची नोकरी करणाऱ्याने आपली बंदूक आणि परवाना मालकाच्या कपाटात ठेवू नये. नाव तुमचे, जबाबदारी तुमची.

निघताना मुलगा आम्हाला नाक्यापर्यंत सोडायला आला. वारस म्हणून अर्ज करावा असे त्याच्या मनात अजून आहे. बंदुकीच्या नोकरीत महिन्याला जास्त मिळतात आणि त्याच्या दोन मुलांची शाळा आहे. आम्ही त्याला 'करू नकोस' म्हटले नाही. बापाचे काम मुलाने करायचे म्हटले तर त्यात कमीपणा नाही, आणि कायद्याने त्याला ती वाट आहे. एवढेच सांगितले की अर्ज करण्याआधी कपाट घे, चांगले कुलूप घे, आणि आईला विचार.

"आईला विचारलं," तो म्हणाला. "ती म्हणते, नोकरीचं तू ठरव. पण तुझ्या नावाचा परवाना हातात येईस्तोवर पावती माझ्याच ट्रंकेत राहील."

ती पावती आता पदकांच्या खाली ठेवलेली आहे.

जय भीम!